आईच्या तासाचे न्याय्य वाटप

मर्यादित साधनाचे समान वाटप हा कुटुंबव्यवस्थेचा पाया होय. मुलं चार आणि फोनवर येणारी आई एकच, अशी स्थिती असेल तर हा पाया मुद्दाम पक्का करावा लागतो.

थोरला टेलिफोन खात्यात इंजिनियर. लाइनवर गर्दी झाली की कुणाला किती वेळ द्यायचा, यातच त्याची तीस वर्षं गेलेली. दूर एकटी राहणारी आई रविवारी दहा ते अकरा फोनपाशी बसायची आणि धाकटी बहीण तो अख्खा तास खाऊन टाकायची. मधल्या दोघांना फोन कायम एंगेज. "आई काय तुझ्या एकटीची आहे का गं?" इथवर मजल गेली. शेवटी थोरल्याने योजना आखली. प्रत्येकाला पंधरा मिनिटं. बोलायला काही नसलं तरी पंधराच (उरलेली दुसऱ्याला देता येणार नाहीत, त्याने सवयी बिघडतात). चौदाव्या मिनिटाला निरोपाचं वाक्य. रडारड ज्याने त्याने आपापल्या वेळेत उरकावी.

"आणि आईलाच काही सांगायचं असलं तर?" धाकटीने विचारलं.

"अगं, आई लाइन वापरत नाही, आई हीच लाइन आहे," थोरला म्हणाला. "लाइनला कुणी वेळ देतं का?"

मुद्दा बिनतोड होता. छापील वेळापत्रक आईला पोस्टाने गेलं.

योजनेला दृष्ट लागावी असं यश आलं. तीन महिन्यांत वेळेचा वापर शंभर टक्के, भांडणं शून्य, आईच्या तक्रारी शून्य. धाकटीची नोकरी, मधल्याचा गुडघा, सगळ्यावर ती "हो रे बाळा" म्हणायची. (धाकटीलाही 'रे'च म्हणायची. ही किरकोळ त्रुटी मानण्यात आली.)

चौदाव्या रविवारी थोरल्याचा फोन शेजारणीने उचलला.

"अहो, तुमच्या आईंना ऐकू येत नाही. तीन महिने झाले. घड्याळ बघून दर पंधरा मिनिटांनी फोन उचलतात आणि 'हो रे बाळा' म्हणत बसतात."

थोरल्याने विचारलं, "मग बोलली का नाही ती?"

"बोलणार होत्या की! म्हणाल्या, मुलांनी वेळ वाटून घेतलाय, माझी पाळी आली की सांगेन. तो कागद रोज वाचतात बिचाऱ्या. त्यांची पाळी काही सापडत नाही."

थोरला ढसाढसा रडला. स्वतःच्याच वेळेत, नियमाप्रमाणे.

आता सुधारित योजना तयार होते आहे. त्यासाठी आपलीही मदत हवी. गेल्या खेपेला आईला "कशी आहेस?" विचारल्यावर उत्तरासाठी आपण किती सेकंद थांबलात, ते कृपया कळवावं. थोरल्याला सरासरी काढायची आहे.