बाहेरून साठ लिटर

विहारातला कार्यक्रम संध्याकाळी होता आणि दुपारी कमळाकरच्या खोलीतला स्पीकरचा डबा हंबरत होता. त्याच्या बायकोने, नीलिमाने, माइकसमोर गाण्याची ओळ म्हटली की शब्द कुठल्या कुठे जायचे आणि डब्यातून नुसता घुमारा यायचा, कुणी रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलावं तसा. तिने दोन-तीनदा म्हणून पाहिलं, मग माइक खाली ठेवला आणि काही न बोलता ओट्याकडे गेली. ती चिडून बोलली असती तर कमळाकरला बरं वाटलं असतं.

भीमजयंतीचं शंभरावं वर्ष होतं. आदल्या वर्षी भाड्याच्या भोंग्यातून नीलिमाचं गाणं असं काही बाहेर पडलं होतं, की आठवडाभर अंबरनाथच्या बाजारात बायका तिला सर्दी बरी झाली का, म्हणून विचारत होत्या. तेव्हा मंडळाच्या बैठकीत कमळाकरने छातीठोकपणे सांगितलं होतं, की यंदा भोंगा नको, स्पीकर मी बनवतो. अध्यक्ष शंकररावांनी “नक्की ना?” एवढंच विचारलं आणि भोंगेवाल्याला नाही म्हणून कळवून टाकलं.

कमळाकर एमआयडीसीत फिटर. लोखंडाचे भाग केसाच्या फरकाने जुळवणाऱ्याला लाकडी डबा म्हणजे किस झाडकी पत्ती. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात हासाशेठच्या दुकानातून त्याने दहा इंची स्पीकर आणला. हासाशेठने मापाचा पाइप कापून हातात देत बजावलं होतं, “साईं, डब्बा साठ लिटर का. कम नहीं, जास्ती नहीं. पाइप उसी हिसाब से है.” आतली हवा या पाइपातून आत-बाहेर खेळते आणि आवाजाला भरदारपणा येतो, पण डबा लहान पडला तर तीच हवा बोंबलते, हेही त्याने सांगितलं होतं.

कमळाकरने लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार केला, बरोबर साठ लिटर आले. आता त्याने पुन्हा टेप लावला आणि चूक दिसली. मापं त्याने बाहेरून घेतली होती. प्लायवूडची जाडी सगळ्या बाजूंनी वजा केली तर आत उरत होते जेमतेम पंचेचाळीस. त्यात स्पीकरचं लोहचुंबक, त्यात मजबुतीसाठी बसवलेला सागवानी ठोकळा.

डबा उघडायची सोय नव्हती. हवा निसटू नये म्हणून स्पीकर आतून बसवून त्याने मागची फळी गोंद आणि खिळ्यांनी कायमची बंद केली होती. आत जायला वाट एकच, पाइप. पंधरा लिटरच्या चुकीवर एक ठोकळा काढण्याचा उतारा पुरणार नाही हे त्याला कळत होतं. पण बुडत्याला काडीचा आधार. अंगठा तळहातात दुमडून त्याने उजवा हात पाइपात घातला, कोपरापर्यंत नेला, ठोकळा निखळतो का ते चाचपलं. ठोकळा काही हलेना. त्याने हात मागे ओढला, तर हातही येईना.

पाइपाचं आतलं टोक कापल्यावर घासायचं राहून गेलं होतं. हात आत जाताना त्या खरखरीत कडेने वाट दिली होती, बाहेर येताना ती मनगटात रुतत होती. दिवसभर कारखान्यात दुसऱ्यांच्या कडा कानशीने घासणारा माणूस स्वतःच्या एका कडेपाशी अडकला होता.

त्याची आई भिमाबाई खोबरेल घेऊन आली. तेल सगळं डब्यात ओघळलं. नीलिमाने साबणाचं पाणी केलं, ते तिच्याच साडीवर सांडलं. ओढाताणीत मनगट सुजलं, बोटांना मुंग्या आल्या. भिमाबाईने मग उपाय सोडून इतिहास काढला: लहानपणी हा असाच बरणीत अडकला होता. तेवढ्यात डबा न्यायला शंकरराव हातगाडी घेऊन दारात उभे. त्यांनी सगळं पाहिलं, ऐकून घेतलं आणि शेजारून करवत मागवली.

“डबा कापायचा नाही,” कमळाकर म्हणाला.

“मग काय हात कापू?”

लोक विहारात जमू लागले होते आणि भोंगेवाला दुसऱ्या वस्तीत गेला होता. शंकररावांनी करवतीची जागा ठरवायला डबा वळवला, आडवा येणारा माइक उचलला आणि चालू आहे की बंद ते पाहायला सवयीने त्यात बोलले, “जयभीम, बंधू-भगिनींनो.”

शब्द न् शब्द स्वच्छ आला. घुमारा नाही, बोंब नाही. शंकरराव स्वतःच्याच आवाजाने दचकले. भिमाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला.

“हातामुळे,” कमळाकर हळूच म्हणाला. “पाइप बंद झालाय ना.”

शंकररावांनी करवत भिंतीला टेकवून ठेवली.

हातगाडीवर डबा आणि बाजूने कमळाकर, अशी ती वरात वस्तीतून निघाली. कुणी विचारलं तर तो सांगत होता, गाडी हलते, म्हणून डबा धरलाय. मंचाच्या कडेला त्याला डब्याशेजारी बसवलं, अडकलेला हात झाकायला खांद्यावरून शाल टाकली. सत्कार झालाय असं समजून दोघा-तिघांनी येऊन हात पुढे केला. त्याने डावा दिला.

नीलिमा गायला उभी राहिली. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि सुरुवात केली. आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला, जसा घरात भाकरी थापताना यायचा तसा, तिचा स्वतःचा. बायका कुजबुजायच्या थांबल्या. कमळाकरला घाम फुटला होता, खांद्यापासून बोटांपर्यंत. आणि दुसऱ्या कडव्यात त्याला जाणवलं की मनगट सैल झालंय. त्याने अंगठा दुमडला, श्वास रोखून हात ओढला. हात सुटला.

त्याच क्षणी डबा हंबरला. नीलिमाचा सूर डळमळला, शंकररावांची मान गर्रकन वळली. कमळाकरने डोळे मिटले आणि हात पुन्हा कोपरापर्यंत आत घातला.

कार्यक्रम संपून लोक पांगले तेव्हा तो मोकळ्या हाताने दिव्यांची वायर गुंडाळत होता. मनगटावर लाल वळ उठले होते. नीलिमा जवळ आली, ते पाहत राहिली.

“हात कधी निघाला?”

“दुसऱ्या कडव्याला.”

त्याच्या खांद्यावरची शाल काढून तिने तिची घट्ट गुंडाळी केली आणि पाइपात कोंबली. मग माइकवर टिचकी मारली. टिचकी टिचकीसारखीच वाजली.

“हे दुपारी नाही का सुचलं?” ती म्हणाली.

कमळाकरने कानामागची पेन्सिल काढली.

“चालेल,” तो म्हणाला. “पण शाल नक्की केवढी लागेल, ते काढावं लागेल.”