बारा प्रश्न आणि एकच उत्तर

डोळ्यांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर मी अकरा वर्षं बसते आहे. एक दिवस नव्या डॉक्टरीणबाईंनी फर्मान काढलं, "सोमवारपासून पेशंटला प्रश्न इंग्रजीतच विचारायचे. जमणार नसेल तर फायलींच्या खोलीत बसा." (त्या खोलीत खिडकी नाही, पंखा नाही. गळका नळ तेवढा आहे.)

मी शिकायचं ठरवलं.

"सोपं आहे गं आई," लेक म्हणाली. "'डू', 'डज', 'इज' यांना वाक्यात पुढे आणून उभं करायचं. झाला प्रश्न."

किती ही शिस्त! आमच्या घरात प्रश्न कुणी उभे न करताच उभे राहतात.

बारा प्रश्न घोकले. सरावाला घरचा पेशंट होताच.

"डज युवर हेड हर्ट?"

"येस," पेपरामागून आमचे हे म्हणाले.

"डू यू सी टू मून्स?"

"येस."

पंचवीस वर्षांच्या संसारात आमचं इतकं एकमत कधी झालं नव्हतं.

सोमवारी पहिलाच माणूस आला. हातात जड बॅग, म्हणजे लांबून आलेला असणार.

"बाई, मी ते..."

मी त्याला तिथेच थांबवलं. (आत डॉक्टरीणबाई कान देऊन बसल्या होत्या.) खणखणीत आवाजात बाराही प्रश्न विचारले. त्याने बाराही वेळा "येस" म्हटलं. मी बारा खुणा केल्या.

"अरे देवा, यांना तर सगळंच होतंय!" फॉर्म बघून डॉक्टरीणबाई धावल्या. डोळ्यांत थेंब घातले, अंधाऱ्या खोलीत बसवलं. तासाभराने नर्स त्या बॅगेला अडखळली आणि आतून पाना, करवत आणि नळाची तोटी बाहेर घरंगळली.

तो नळ दुरुस्त करायला बोलावलेला प्लंबर होता.

"अहो, मग येस येस काय करत होता?" मी कपाळाला हात लावला.

"इंग्रजी कुणाला येतंय, बाई? पण तुम्ही अशा काही विचारत होता, की नाही म्हणायची छाती होईना. घरी बायकोलाही मी असंच हो म्हणून टाकतो. वाद मिटतो."

थेंबांमुळे त्याला संध्याकाळपर्यंत सगळं धूसर दिसणार होतं. त्यामुळे नळ गळतच राहिला. नळाखाली बादली आणि बादलीशेजारी, फायलींच्या ढिगात, मी!

घरी येऊन यांना सगळं रडून सांगितलं. शेवटी विचारलं, "तुम्हाला तरी माझे प्रश्न कळत होते का हो?"

पेपर जरासुद्धा हलला नाही.

"येस."