रुकय्या आपांना नंबर चालत नाही

रुकय्या आपांना पत्ता विचारला की विचारणारा कंटाळतो. "डावीकडचं तिसरं दुकान" एवढ्यावर भागत असलं तरी त्या तसं सांगणार नाहीत. "जिथं चष्म्याची पाटी हाय, जिन्याला निळा कठडा हाय, ते," असं सांगतील. का, तर मधे कुणी नवं दुकान टाकलं की तिसऱ्याचं चौथं होतं. "नंबर नको रे बाबा, नाव सांग," हे आम्ही दिवसातून दहादा ऐकतो. चहावाल्यालाही त्या "पाच चहा" म्हणत नाहीत. पाच जणांची नावं घेतात, आणि तो बिचारा बोटं मोजत उभा राहतो.

उस्मानपुऱ्यात आमचं छोटं ऑफिस आहे. कंपन्या त्यांच्या माहितीच्या मोठमोठ्या फायली आम्हाला पाठवतात. डब्यात डबा, त्यात आणखी डबा आणि प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी, अशी या फायलींची रचना. कुठल्या डब्यातून काय उचलून आणायचं ते कॉम्प्युटरला एका ओळीत सांगायचं, त्याला क्वेरी म्हणतात. आपा आधी टायपिंग क्लासमध्ये शिकवायच्या. तिथून या धंद्यात आल्या आणि आम्हा सगळ्यांना पुरून उरल्या. फक्त त्यांना एका जागी बसवत नाही. क्वेरी चालू केली की उठतात, खिडकी उघडतात, पुन्हा लावतात, आमच्या खुर्च्यांमागं येऊन "झालं का?" विचारतात. दोन सेकंदांच्या कामाला त्यांच्या दोन फेऱ्या होतात.

गेल्या महिन्यात चिकलठाण्याच्या एका कारखान्याचं काम आलं. कामगारांच्या फायलीतून नावं आणि रक्तगट काढायचे आणि ओळखपत्रं छापायची. काम माझ्याकडं होतं. मी आधी सगळी नावं काढली, मग सगळे रक्तगट काढले, आणि दोन्ही याद्या शेजारी शेजारी लावून मोकळा झालो. कार्डं सकाळीच कारखान्यात गेली.

दुपारी दोनला आपा माझ्या खुर्चीमागं आल्या. "संतोष, यादीतल्या शेवटच्या माणसाचा रक्तगट कोरा कसा?"

"तपासला नसंल त्यानं."

"फायलीत तर हाय."

त्या एक फेरी मारून आल्या. "तुझे वडील मेंढरं कशी ओळखतात?" माझे वडील पाचोडला मेंढरं राखतात हे त्यांना ठाऊक होतं.

"तोंडावरनं."

"मग तू माणसं रांगेवरनं कशाला ओळखतो?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मधल्या एका कामगाराचा रक्तगट फायलीत नव्हताच. म्हणून रक्तगटांची यादी तिथून एकेक घर वर सरकली होती, आणि शेवटचा माणूस सोडला तर त्याच्यासकट खालच्या सगळ्यांच्या कार्डावर दुसऱ्याच कुणाचा रक्तगट छापला गेला होता. मशीनमध्ये कुणाचा हात सापडला आणि दवाखान्यात घाईघाईत कुणी त्या कार्डावर भरवसा ठेवला, तर? तीनला पाळी सुटताना वाटप होणार होतं. कारखान्यात कुणी फोन उचलेना. मी फोन खाली ठेवून आपांकडं बघितलं.

"तोंड काय बघतो माझं, गाडी काढ!"

जालना रोडभर आपा मागं बसून सिग्नलच्या नावानं बोटं मोडत होत्या. एका सिग्नलला तर उतरून चालायलाच लागल्या. पुढं गाठून त्यांना परत गाडीवर घेतलं.

गेटवर वाटप सुरू झालं होतं. आपांनी सरळ एकाच्या गळ्यातलं कार्ड धरलं. "द्या इकडं."

"फोटो लई भारी आलाय मॅडम, ऱ्हाऊ द्या की."

"फोटो हाच देते उद्या. त्याच्यावर रगत दुसऱ्याचं हाय."

तो माणूस दचकून स्वतःच्या मनगटाकडं बघायला लागला.

आपांनी यादी हातात घेतली आणि एकेकाला नाव घेऊन बोलावलं. दीड तासानं शेवटचं कार्ड खोक्यात पडलं. तिथल्या साहेबांनी विचारलं, चूक कुणाची? मी तोंड उघडायच्या आत आपा म्हणाल्या, "आमची."

मी त्यांना घरी सोडलं. निघालो तर म्हणाल्या, "थोडं बस ना." त्यांनी पंखा लावला, पाणी दिलं आणि माझ्यासमोर पलंगाच्या कडेला टेकल्या.

"अम्मी होती तेव्हा मी आले की रोज विचारायची, 'आज क्या निकाली, बेटा?' तिला कॉम्प्युटरचं काय कळत नव्हतं. विहिरीतनं पाणी काढल्यासारखं मी काहीतरी काढते, असं वाटायचं तिला. पण सगळं ऐकून घ्यायची. मागच्या वर्षी गेली. आता घरी आलं की दिवस तसाच मनात पडून राहतो. कुणाला सांगू?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग मी माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, "आपा, आज क्या निकाले?"

त्या हसल्या, ओढणीनं डोळे पुसले आणि अगदी पहिल्यापासून सांगायला लागल्या. ऑफिसात संतोष म्हणून एक गाढव आहे, त्यानं आज काय घोळ घातला, इथपासून. त्या दुपारभर मी त्यांच्यासोबतच होतो. तरी मी सगळं ऐकलं, आणि मधे दोनदा "मग?" असंही विचारलं.