साळवे साहेब आणि दमलेलं लोखंड

साळवे साहेब छत्री उघडायचे पावसाळ्याच्या तोंडाला आणि मिटायचे ती थेट दसऱ्याला. मधल्या काळात छत्री उघडीच. ऑफिसात, हॉटेलात, एकदा तर न्हाव्याच्या खुर्चीतसुद्धा. "उघडझाप केली की काड्या थकतात," ते म्हणायचे. "त्यात पावसाचं पाणी. मंग एक दिवस काडी मोडती, अन् मोडायच्या आधी सांगत न्हाई."

जालन्याच्या ज्या तेलगिरणीत मी स्टोअरकीपर होतो, तिथले ते इंजिनिअर. गाव टेंभुर्णी, शिक्षण औरंगाबादला, लग्नाचं नाव नाही. गिरणीला वाफ पुरवणारा बॉयलर त्यांच्या ताब्यात होता. खरं सांगायचं तर तेच बॉयलरच्या ताब्यात होते. छोटी हातोडी घेऊन नळ ठोकत फिरायचे आणि कान लावून विचारायचे, "काय बाबा, दमलास का?"

एकदा मी नळामागून बारीक आवाजात "हो" म्हणालो. साहेबांनी ताबडतोब गिरणी बंद केली. मॅनेजरनं मग माझी जी पूजा बांधली, तिचा प्रसाद अजून आठवतो.

बहात्तरच्या दुष्काळात गिरणीची विहीर आटली. टँकरनं मचूळ पाणी यायला लागलं. टँकर आला की बॉयलर पेटवायचा, पाणी संपलं की विझवायचा. साहेबांचं अन्नपाणी तुटलं.

"भास्करराव, तुमच्या टाचेला भेगा हायत का?" त्यांनी मला विचारलं.

"आहेत की."

"चालताना भेग उघडती, मिटती. त्यात रोज खारं पाणी गेलं तर भरून यील का? लोखंडाचं बराबर तसंच. तापलं की ताणतं, निवलं की आकसतं. नुसता ताण असता तर सोसलं असतं त्यानं. पण हे पाणी ताणलेल्या जागीच चावून राह्यलं."

"साहेब, नळ माझ्या मांडीएवढा आहे हो!"

"तुमच्या मांडीचाबी मला भरोसा न्हाई."

तेव्हापासून त्यांनी बॉयलरजवळ कुणाला बसू देणं बंद केलं. जेवणाचे डबे गरम राहावेत म्हणून आम्ही ते बॉयलरच्या पाण्याच्या नळाच्या बाकावर, म्हणजे नळ वळतो तिथं, ठेवायचो. साहेबांनी सगळे डबे अंगणात भिरकावले. माझी वांग्याची भाजी कुत्र्यानं खाल्ली, आणि कुत्रं माझ्याकडे दयेनं पाहत गेलं. गडी म्हणू लागले, साहेबाचं डोकं फिरलंय.

मग ती दुपार आली. टँकर नुकताच टाकीत रिकामा झाला होता, बॉयलर पेटलेला, दाबाचा काटा वर चढलेला. साहेबांनी बाकावर हातोडी मारली. रोज खणकन वाजणारा बाक बद्द वाजला. वाकून पाहिलं तर जोडाखाली बारीक ओल.

"रहीमचाचा, जल्दी! आग ओढा!" साहेब भट्टीवाल्याला ओरडले.

मॅनेजर धावत आला. "साळवे, मागच्या आठवड्यातही हेच केलंत!"

"आज करू द्या," साहेब एवढंच म्हणाले.

रहीमचाचांनी भट्टीतला विस्तव बाहेर ओढला, तसं साहेबांनी त्यांनाही दंडाला धरून बाहेर काढलं. वाफ हळूहळूच सोडावी लागते. एकदम दाब उतरवला तर दमलेलं लोखंड तिथंच जीव सोडायचं. म्हणजे कुणीतरी आत उभं राहून वाफेची चावी थोडी थोडी फिरवायला हवी. साहेबांनी आतून दार लोटलं.

अंगणात आम्ही सगळे भिंतीआड. आतून फुस्स आवाज, मग शांतता, मग पुन्हा फुस्स. एकदा शांतता फारच लांबली. माझे पाय कसे उचलले कोण जाणे, मी दारापर्यंत गेलो.

"साहेब?"

"आत यायचं न्हाई!"

फटीतून पाहिलं. साहेब चावीला दोन्ही हातांनी धरून उभे होते.

"जाऊ नको पण," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मला अरेतुरे. "तिथंच बस भिंतीआड. बोलत राहा. मला लई भ्या वाटून राह्यलं रे."

मी भिंतीला पाठ लावून बसलो. आष्टीची गोष्ट काढली. मित्राच्या बहिणीच्या लग्नाला गेलो होतो आणि भलत्याच मांडवात शिरलो. पंगतीत दोनदा बुंदी मागून घेतली, वरमाईच्या पाया पडलो, परक्या नवरीला लुगडं देऊन आलो.

"मंग?" आतून आवाज. फुस्स.

"मग खऱ्या मांडवात रिकाम्या हातानं गेलो."

"मंग?" फुस्स.

गोष्ट एवढीच होती. पण मी वाढवत नेली. लुगडं परत मागायला गेलो म्हणालो, नवरीचा मामा काठी घेऊन धावला म्हणालो.

पुढं तो बाक कापला, तेव्हा आतून निघालेली चीर सगळ्यांनी पाहिली. केसाएवढी, पण एका जागी आरपार. मॅनेजर बराच वेळ ती बोटानं चाचपत राहिला.

पण त्या दुपारी काटा शून्यावर टेकला, तेव्हा मी दार उघडून आत गेलो. साहेबांचे हात चावीवरून सोडवले. भट्टीशेजारचे ते हात बर्फासारखे गार होते.

"झालं साहेब. चला बाहेर."

ते तिथंच जमिनीवर बसले. मलाही बाहीला धरून खाली बसवलं.

"जाऊ मंग," ते म्हणाले. "त्या मामाचं काय झालं, ते सांग आधी."