पक्कडधारीचं महाकाव्य

महाकाव्याचे नियम मला तोंडपाठ आहेत. मंगलाचरण, नायकाचं थोर कुळ, घनघोर युद्ध, हातभर लांब उपमा, सगळं! म्हणून माझ्या साडूने चांगली नोकरी सोडून दातांचा दवाखाना काढला, तेव्हा मी जाहीर केलं, "उद्घाटनाला मी महाकाव्य वाचणार."

"अहो, चार शब्द बोला आणि खाली बसा," बायको म्हणाली.

साडू सज्जन माणूस. शिवाय वयाने लहान, त्यामुळे मला नाही म्हणायची सोय नाही. "दादा, समोर पेशंट असतील हं," एवढंच म्हणाला.

"श्रोते म्हण," मी दुरुस्ती केली.

उद्घाटनाच्या सकाळी बाहेरची खोली भरली होती. गाल सुजलेले एक गृहस्थ, कवळी बसवून घ्यायला आलेल्या एक आजी, लेकीला काहीतरी थाप मारून आणलेली एक आई आणि कडेला टापटीप कपड्यांतले एक चष्मेवाले. मेहुणीने सूचना द्यायला माइक आणला होता. भोंगा खिडकीत, रस्त्याकडे तोंड करून. मी माइक ताब्यात घेतला.

सुरुवात आवाहनाने. "ये वाणी, ये! सत्वर ये!"

स्वागताला बसलेली मुलगी लगबगीने उठली. "वाणी कोण आहेत? आत चला."

कोणीच उठलं नाही. मी कुळाकडे वळलो. साडूचे आजोबा खाटीक होते. मी ते लपवलं नाही. उलट आजोबांचा तो न डगमगणारा हात नातवात जसाच्या तसा कसा उतरलाय, ते खुलवून सांगितलं. गाल सुजलेले गृहस्थ म्हणाले, "गाडी जरा आडवी लावलीये, बघून येतो." ते आलेच नाहीत.

पुढे उपमा. मदमस्त हत्ती सरोवरात शिरतो, चिखल तुडवतो, कमळं मुळासकट उपटून भिरकावतो... उपमा लांब असली की 'जसा'पासून 'तसा'पर्यंत पोचायला वेळ लागतो. तेवढ्यात छोटीने भोकाड पसरलं, "आई, आत हत्ती आहे?" मायलेकी गेल्या. आजींनी कवळीचा विचार सोडला आणि त्यांच्यामागून निघाल्या.

"भाऊजी, पुरे!" मेहुणी दातओठ खात कुजबुजली.

"अगं, युद्ध राहिलंय!"

युद्ध म्हणजे अक्कलदाढेशी. इथे मी आवाज चढवला.

"तोच पक्कडधारी तो, उभा रक्तात न्हाउनी!
टाहो फोडी बिचारी ती, दया त्यास न ये परी!
तुकडे तुकडे केले, बशीमध्ये रचूनिया!"

दार धाडकन उघडलं. पोलीस!

"बाई कुठे आहे?"

"कोणती बाई?"

"टाहो फोडत होती ती! अख्ख्या रस्त्याने ऐकलंय. तुकडे कुठे ठेवलेत?"

"बशीत. पण ती बाई नाही, दाढ आहे."

"आडनाव नकोय मला. पूर्ण नाव सांगा!"

साडू आतून धावत आला. एका हातात पक्कड, अंगावर तांबडी फीत कापताना सांडलेलं तांबडं सरबत. त्याला बघून पोलिसाचा हात आधी काठीकडे आणि मग स्वतःच्या गालाकडे गेला. मेहुणीने तोंड उघडून आपली अक्कलदाढ दाखवली, माझे कागद दाखवले, तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली.

"तुमचीही दुखतेय का?" साडूने आशेने विचारलं. "बसा ना, बघतो."

"आमची काही तक्रार नाही," पोलीस म्हणाले आणि दोन दोन पायऱ्या गाळत उतरले.

साडू नव्याकोऱ्या खुर्चीत जाऊन बसला. पेशंटच्या. त्याचा चेहरा बघून, खरं सांगतो, मला पाताळप्रवासाचा सर्ग वाचवेना. तो रूट कॅनलवर होता.

एवढ्यात टाळ्या ऐकू आल्या! चष्मेवाले गृहस्थ सबंध वेळ जागचे हलले नव्हते.

"अप्रतिम!" त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "दर रविवारी वाचाल का? इथेच. भोंगा असाच रस्त्याकडे ठेवून."

माझा ऊर भरून आला. रसिक अजून आहेत तर! मी जागच्या जागी शब्द दिला. ते खूश होऊन गेले.

"बघितलंस?" मी बायकोला म्हणालो. "कोण होते ग ते?"

"समोरच्या इमारतीतले," बायको म्हणाली. "दातांचे डॉक्टर."