मयत सभासदाचे मोलाचे मार्गदर्शन

निकिताने कंपनी सेक्रेटरीच्या प्रवेश परीक्षेला बसावे, हा निर्णय तिच्या घरात रीतसर झाला. म्हणजे तो कोंडाजीतात्यांनी घेतला आणि बाकीच्यांना कळवण्यात आला. तात्या तिचे थोरले चुलते. गिरणाऱ्याच्या बाजूच्या त्यांच्या गावात भाजीपाला पिकवणाऱ्यांनी मिळून एक कंपनी काढली होती आणि तात्या तिचे अध्यक्ष होते. कंपनीची फाइल फार देखणी होती. कंपनी त्या मानाने साधीच. सगळे पूर्वीसारखेच आपापली कोथिंबीर आपापल्या मोटारसायकलवर लादून नाशिकला नेत.

"सोमनाथ," तात्या निकिताच्या वडिलांना म्हणाले, "सिन्नरच्या पाव्हण्यांना सांग, पोरगी एवढ्यात द्यायची नाय. घरातच शेक्रेटरी तयार होती, तर बाहेरची कशाला?"

अशा रीतीने व्यापारी कायद्यामुळे निकिताचे लग्न टळले आणि साहजिकच तिचा कायद्यावर जीव जडला. सकाळी ती बसने क्लासला जाई, संध्याकाळी मळ्यात मेथीच्या जुड्या बांधताना कराराचे प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल हे घटक पाठ करी. मुक्त संमती नसेल तर करार टिकत नाही, असे वाचल्यावर तिने आईला तिच्या लग्नाबद्दल विचारले. आई म्हणाली, "जुडी घट्ट बांध."

क्लासमध्ये पुस्तकातले सभेचे प्रकरण सुरू झाले त्याच सुमारास तात्यांनी तिला बोलावले. वार्षिक सभेचे इतिवृत्त लिहायचे होते.

"सभा कधी झाली?" निकिताने विचारले.

"ते तू टाक ना. फक्त सोमवार नको, माझा उपास असतो." तात्या सांगू लागले, "संचालिका म्हणून तुझी आई हजर."

चहा घेऊन आलेली आई दारातच थांबली. "मी? कशाची?"

"कायद्यानं एक बाई लागती, तुम्हाला तरास नाय. हां, लिही. ज्येष्ठ सभासद धोंडीराम यांनी मोलाचं मार्गदर्शन केलं."

"तात्या, धोंडीरामबाबा वारून दोन वर्षं झाली की!"

"मग? आजवर तेच करत आले. मधीच बदलायचं का मान्सं?"

निकिताने पुस्तक काढले. आधी सूचना द्यावी, मग सभा भरावी, पुरेशी माणसे म्हणजे गणपूर्ती व्हावी आणि जे झाले तेच लिहावे, असे त्यात होते. माणसे जिवंत असावीत असे स्पष्ट लिहिलेले नव्हते; लेखकाने ते गृहीत धरले असावे.

"उलटं हाय हे," तात्या म्हणाले. "आधी लिहून ठिवलं की सभेत भांडणं होत नाय. लिहिती का नाय?"

"नाही."

तात्यांनी शांतपणे सोमनाथकडे सिन्नरच्या पाहुण्यांचा नंबर मागितला. "एकदाच खरी सभा घेऊ," निकिता घाईने म्हणाली. "माझा अभ्यासही होईल." फाइलीत लावायला सभेचे फोटो नव्हतेच, ते तरी मिळतील म्हणून तात्या कबूल झाले.

मारुतीच्या देवळावर सूचना लागली. ठरल्या वेळी निकिता, तात्या आणि मारुती हजर होते. सभा तहकूब झाली. पुढच्या सूचनेत 'सभेनंतर मिसळ' एवढी एक ओळ वाढवली. गणपूर्ती झाली, शेजारच्या गावाचीही झाली.

आपण कंपनीचे मालक आहोत, हे पुष्कळांना तिथेच कळले. एकाने कंपनी करते काय असे विचारले. तात्यांनी तो प्रश्न विषयपत्रिकेत नसल्याचे दाखवून दिले. मग नियमाप्रमाणे निकिताने मागच्या वर्षीच्या सभेचे, तात्यांनीच रचलेले इतिवृत्त मोठ्याने वाचायला घेतले. मुद्दाम सावकाश वाचले. धोंडीरामांच्या नावापाशी ती थांबली, कारण त्यांची बायको साळूबाई मागे उभी राहिली होती.

"काय म्हनले आमचे?"

तात्या छताकडे पाहू लागले. आज कायदा जिंकणार, या विचाराने निकिताने आवाज चढवला. "सामूहिक विक्रीचं महत्त्व त्यांनी मार्मिक शब्दांत सांगितलं. टाळ्यांचा कडकडाट झाला."

"टाळ्या?" साळूबाई खाली बसली. पदराने डोळे पुसले. "जित्तेपनी कुनी बोलू दिलं नाय त्यांना. ग्रामसभेत हात वर केला की तात्या म्हनायचे, खाली बस धोंड्या. घरी मी म्हनायची. आता बोलत्यात तर बोलू द्या. नाव काढू नका."

"आजी, त्यांच्या जागी आता तुम्ही सभासद होऊ शकता. तुम्ही बोला."

"मला काय कळतं? त्यांना लय कळतं."

धोंडीराम यांनी कामकाजात यापुढेही भाग घ्यावा, असा ठराव आला. तो मंजूर होताच एका सुनेने आपल्या सासऱ्यांचेही नाव घालायला सांगितले. हयातीत ते फार तापट होते, कंपनीत तरी सौम्य बोलावेत, अशी तिची इच्छा होती. तेवढ्यात गेणू नावाचा एक सभासद उखडला. "मेलेले मार्गदर्शन करतात आन् माझं नाव कुठंच नाय?"

"तू जित्ता हाय," तात्या म्हणाले. "सभेत काय बोलशील, भरवसा नाय."

गेणूने यावर विचार केला. मग त्यानेच सूचना मांडली की मयतांना जी सवलत आहे, ती जिवंतांनाही मिळावी: न येता हजर धरावे, न बोलता चांगले बोलल्याचे लिहावे. मिसळीचा वास येत होता. सगळे हात एकदम वर गेले. निकिताने आईकडे पाहिले. संचालिकेचाही हात वर होता.

निकिताने पुस्तक चाळले. सूचना रीतसर, गणपूर्ती पुरेपूर, मतदान एकमुखी. गावाने सभा कायमची बंद केली होती, आणि तीही सभा घेऊन. तिला हसू आले, मग स्वतःचीच भीती वाटली. मग तिने सगळे जसेच्या तसे लिहिले. कंपनीचे ते पहिले खरे इतिवृत्त, आणि शेवटचेही.

परीक्षेत प्रश्न आला: इतिवृत्त कशाचा पुरावा असते? तिने पुस्तकातले उत्तर निवडले, 'सभेत झालेल्या कामकाजाचा', आणि पास झाली. गावाने तिचा सत्कार केला. तो फार छान झाला, असे इतिवृत्तात आहे.

हल्ली पुढच्या परीक्षेचा अभ्यास करता करता ती नाशिकमधल्या हाउसिंग सोसायट्यांची इतिवृत्ते लिहून देते. तुमच्या सोसायटीचेही तिच्याकडेच आहे. वार्षिक सभेत तुम्ही पार्किंगवरून बरेच तावातावाने बोललात. शेवटी मात्र अध्यक्षांचे म्हणणे तुम्हाला पटले. त्या वेळी तुम्ही घरी सोफ्यावर आडवे होतात, हे तिला ठाऊक आहे. पण हजेरीपटावर सही तुमचीच आहे, आणि तुम्ही बोललात खरोखर छान.