टिपणीस सरांची शिकवणी

टिपणीस सरांनी मला बी.ए.चा एकही धडा शिकवला नाही. त्यांनी आमच्या घरची मेथी निवडली. खोटं वाटतंय ना? मलाही वाटलं असतं!

मुंबईच्या कॉलेजातून निवृत्त होऊन सर पनवेलला राहायला आले होते. मी शाळेत शिकवायचे, पदरात दोन वर्षांची बेबी, आणि तिशीत बाहेरून बी.ए. करायचं खूळ डोक्यात शिरलेलं. अवघड भाग समजावून द्याल का, म्हणून त्यांच्याकडे गेले, तर म्हणाले, "बाई, पुस्तक तुम्हाला कळतं. तुम्हाला वेळ नाही. अभ्यास सोडून बाकी काय ते माझ्याकडे द्या."

मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. दुसऱ्या दिवशी शाळेतून येते तर सर आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून मेथी निवडतायत, आणि सासूबाई तोंडाला पदर लावून भिंतीला चिकटलेल्या! "अगं बाई, एवढा मोठा माणूस! गावात तोंड कुठे दाखवू मी?"

सरांनी मानसुद्धा वर केली नाही. "वहिनी, देठं कोवळी आहेत, ठेवू का?"

कोन गावचा म्हात्रे हा त्यांचा दुसरा विद्यार्थी. दिवसा मिठागरावर कारकून, संध्याकाळी घरची म्हैस. सर निघाले म्हैस चारायला. त्याची आई मागून ओरडतेय, "मास्तर, तुमी नका जाऊ, ती मारकी हाय!"

"त्याचं अर्थशास्त्र तिच्याहून मारकं आहे," सर म्हणाले. म्हशीने त्यांना पळस्प्याच्या नाक्यापर्यंत फरफटत नेलं. धोतर फाटलं, चष्मा गेला. म्हात्रे पास झाला.

माझा शेवटचा पेपर मुंबईला होता. सकाळची एस.टी. गाठायची, आणि बेबीला सणसणून ताप. हे दौऱ्यावर. डॉक्टर औषध देऊन गेले होते, घाबरू नका म्हणाले होते, पण आईचं मन ऐकतंय होय! सर मला एस.टी.वर बसवायला आले, तेव्हा मी पिशवी खाली ठेवली. "राहू दे, सर. पुढच्या वर्षी देईन."

"पुढच्या वर्षी काही नसतं!"

सर असे कडाडले की मी आणि सासूबाई दोघी हबकलो. या माणसाचा चढा आवाज आम्ही कधी ऐकलाच नव्हता.

मग ते मटकन खाली बसले. "आमची हीसुद्धा इंटरच्या परीक्षेला हेच म्हणाली होती. आमच्या लहानग्या विनूला ताप होता. मी शेजारच्या खोलीत दुसऱ्यांचे पेपर तपासत होतो. उठलो नाही. उलट, बरं झालं म्हणालो. ते पुढचं वर्ष तिला मिळालंच नाही."

मी पिशवी उचलली. त्यांनी बेबीला माझ्या कडेवरून घेतलं आणि मी निघाले. पेपर कसा लिहिला, देव जाणे.

संध्याकाळी धापा टाकत घरी आले. ताप उतरला होता. बेबी सरांच्या खांद्यावर गाढ झोपलेली आणि सर येरझारा घालत होते. "सकाळपासून खाली ठेवली नाहीये गं त्यांनी," सासूबाई कुजबुजल्या.

मी हात पुढे केले. सर चक्क मागे सरकले.

"असू द्या थोडा वेळ," ते म्हणाले. "विनू आता नागपूरला असतो. पत्रही टाकत नाही. तो माझ्या खांद्यावर कधी झोपलाच नाही हो."